दवाखान्याच्या लाइनीवरचे मानकरी

त्या गावात वीज जायची ती अगदी शिस्तीत जायची. सकाळी अर्ध्या गावाची, संध्याकाळी उरलेल्या अर्ध्याची. मुळात वीज थोडी आणि गाव वाढलेलं. पांघरूण तोकडं, डोकं झाकावं तर पाय उघडे. मोठ्या केंद्रातून फोन यायचा, "आज एवढा भार कमी करा," आणि गावच्या वीज कार्यालयातून एकेक लाइन बंद व्हायची. कुणाचे पाय उघडे टाकायचे हे ज्या खुर्चीत बसून ठरवायचं, त्या खुर्चीत कुणी फार टिकत नसे. मागचे साहेब रजेवर गेले ते गेलेच. त्यांच्या आधीच्यांनी पाठदुखीचं कारण देऊन बदली मागून घेतली. गाव म्हणायचं, दुखणं पाठीचं नव्हतं, कानाचं होतं. शिव्या ऐकून ऐकून किटले होते बिचाऱ्याचे कान.

आता त्या खुर्चीत एक बाई आल्या होत्या. गावाने पहिल्याच आठवड्यात त्यांचं बारसं करून टाकलं: वीजबाई. बाई ठेंगण्या, हसऱ्या आणि गोड बोलणाऱ्या. हे तिन्ही गुण एकत्र दिसले की समोरचा माणूस गाफील राहतो, हे बाईंना शाळेपासून ठाऊक होतं आणि त्याचा त्यांनी कधी गवगवा केला नव्हता. नवरा जहाजावर नोकरीला, त्यामुळे सरकारी क्वार्टरमध्ये त्या आणि त्यांच्या सासूबाई अशा दोघीच. दोघींचं एकमेकींशी चांगलं पटायचं. शेजारणींना याचं भारी वाईट वाटायचं.

गावात एकच लाइन अशी होती की जी कधी बंद करायची नाही. ती दवाखान्याची. गावाच्या टोकाला सरकारी दवाखाना होता आणि वीज उपकेंद्रातून एक वेगळी लाइन थेट तिकडे जायची. बाकी सगळं गाव अंधारात बुडालं तरी तिला हात लावायचा नाही, असा नियम. नियम चांगलाच होता. आणि चांगल्या नियमाचं जे होतं तेच त्याचं झालं होतं.

झालं असं, की एका दुपारी बाई कार्यालयात चहाचा कप तोंडाला लावणार, तोच फोन वाजला. दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर होत्या.

"बाई, वीज पाठवताय की थट्टा करताय? डॉक्टर ऑपरेशनला उभे आहेत आणि डोक्यावरचा दिवा डोळे मिचकावतोय!"

"तुमची लाइन चालू आहे सिस्टर. मी स्वतः बघतेय."

"मग इकडे या आणि इथून बघा!"

बाई पोचेपर्यंत दिवा पुरता मान टाकून मोकळा झाला होता, आणि दोन नर्सनी हातात टॉर्च धरून, डॉक्टरांनी घाम गाळत, एक बाळ या जगात आणलं होतं. बाळ ठणठणीत होतं. एवढं जोरात रडत होतं की जनरेटर का चालू झाला नाही याची चौकशीही कुणाला ऐकू येईना. आईसुद्धा ठीक होती. पण मोठ्या सिस्टर आपले हात पुन्हा पुन्हा धूत होत्या.

"या वेळी निभावलं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "पुढच्या वेळी निभावेलच असं नाही."

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या तोंडावरचं हसू त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला दिसलं नाही.

बाहेर त्यांचा लाइनमन उभा होता. उंच, सडपातळ आणि बोलायला महागडा, म्हणून गाव त्याला खांब म्हणायचं. बाई म्हणाल्या, "चला. ही लाइन कुठून कुठून फिरून येते ते आज पायी चालून बघू."

खांबाने घसा खाकरला. "ऊन फार आहे बाई."

"उन्हाला घाबरता की आणखी कशाला?"

खांब चालायला लागला.

पहिला फाटा निघाला बर्फाच्या कारखान्यावर. दवाखान्याच्या तारेवरून एक जाडजूड तार ऐटीत कारखान्याच्या छपरात शिरली होती, आणि आत मोटर धडधडत होती. ती सुरू झाली की तिकडे ऑपरेशनचा दिवा झोपी जात होता, हे सांगायला पंचांग नको होतं. दुसरा फाटा वकिलांच्या दुमजली घरात. तिसरा नगराध्यक्षांच्या बंगल्यात. तिथे तर बागेतल्या कारंज्यालासुद्धा दवाखान्याची वीज होती. बाई एकेका फाट्याखाली उभं राहून वर बघत आणि "वा" म्हणत. शेवटी खांब एका खांबाखाली थांबला आणि आभाळाकडे बघू लागला.

"आणि हा फाटा कुणाचा?"

"हा... आपलाच आहे बाई."

तार सरळ सरकारी क्वार्टरवर जात होती. बाईंच्या स्वतःच्या घरावर. आधीच्या कुठल्यातरी साहेबांनी स्वतःची सोय करून ठेवली होती, आणि साहेबच जेवायला बसले म्हटल्यावर बाकीच्यांनी पंगत धरली होती. कुंपणानेच शेत खाल्लं तर ढोरांना कोण हाकणार?

बाई तशाच घरात गेल्या. सासूबाई पंख्याखाली बसून टीव्हीवरची मालिका बघत होत्या.

"आई, आपल्याकडे वीज कधी जातच नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं?"

"आलं होतं की. म्हटलं सून वीज खात्यात आहे, तेवढा तरी उपयोग असेल."

"आजपासून जाईल."

सासूबाईंनी सुनेच्या तोंडाकडे बघितलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला. बाईंनी दिव्याची, टॉर्चची, बाळाची सगळी गोष्ट सांगितली. सासूबाईंनी ऐकली, आणि मग उठून स्वतःच बाहेर जाऊन खांबाला म्हणाल्या, "तोडा हो. पण एवढी मालिका संपू द्या. आज नायिकेचा नवरा परत येणार आहे."

नवरा परत आला, मालिका संपली, फाटा तुटला. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई साऱ्या गावासारख्या हातपंख्याने वारा घेऊ लागल्या.

आता बाई इतरांकडे जायला मोकळ्या झाल्या. आधी बर्फवाल्याकडे. बर्फवाला तब्येतीने आडवा आणि बोलण्यात तिरका. म्हणाला, "बाई, दवाखान्याच्या शवागाराला बर्फ कोण देतं? मीच. मग मी दवाखान्याचाच नाही का?"

वकील म्हणाले, "अत्यावश्यक सेवा या शब्दाची व्याख्या कुठे केलीय ते दाखवा. न्याय अत्यावश्यक नाही? माझं वाचन बंद पडलं तर न्याय बंद पडतो."

नगराध्यक्ष काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी बाईंना सरबत दिलं, सासूबाईंची चौकशी केली, आणि बाई फाटकाबाहेर पडायच्या आत वरच्या साहेबांना फोन लावला. बाई कार्यालयात पोचल्या तर तिथला फोन आधीच वाजत होता.

"अहो बाई," जिल्ह्याच्या गावाहून वरचे साहेब म्हणाले, "अत्यावश्यक या शब्दाचा अर्थ जरा मोठ्या मनाने घ्या. मोठी माणसं आहेत. त्यांनी आपण होऊन सोडली तर गोष्ट वेगळी. पण तुम्ही कुणाची तार तोडू नका. समजलं?"

"समजलं सर," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "आपण होऊन सोडली तर गोष्ट वेगळी."

त्या संध्याकाळी त्यांच्या भागाची पाळी होती. दोघी सासवासुना अंधारात पायरीवर बसल्या होत्या. समोर सगळं काळं, आणि त्यात नगराध्यक्षांचा बंगला लग्नघरासारखा झगमगत होता.

"तोडता येत नाही," बाई म्हणाल्या. "बर्फवाला म्हणतो मी दवाखाना. वकील म्हणतात मी दवाखाना. अध्यक्ष तर न बोलताच दवाखाना."

सासूबाई थोडा वेळ वारा घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, मग होऊ दे की त्यांना दवाखाना. त्यांची एवढी हौस आहे तर आपण कशाला आडवं यायचं?"

बाईंनी मान वळवून सासूबाईंकडे पाहिलं. अंधारात नीट दिसत नव्हतं, पण पंखा थांबला होता.

"आई," बाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही सासू म्हणून वाया गेलात."

दुसऱ्या दिवशी बाई मोठ्या सिस्टरांकडे गेल्या. दार लावून दोघी बराच वेळ बोलत होत्या, आणि आतून सिस्टरांचं हसणं ऐकू आलं तेव्हा वॉर्डबॉयच्या हातातला ट्रे पडला, कारण ते हसणं त्याने नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्या वर्षी तापाची साथ होती. दवाखान्यात एका खाटेवर दोन माणसं आणि खाटेखाली तिसरा अशी गत होती. ज्यांचं दुखणं उतरलं आहे, पण घर लांब आहे आणि उद्या-परवा डॉक्टरांना दाखवायचं आहे, अशी माणसं व्हरांड्यात पडून होती. त्यांना फक्त एक स्वच्छ खोली, पंखा आणि दिवा हवा होता.

आठवड्याभरात नगरपालिकेच्या सभागृहात एक समारंभ ठरला: दवाखान्याच्या आधारस्तंभांचा सत्कार. बर्फवाला, वकील आणि नगराध्यक्ष हे सत्कारमूर्ती. प्रमुख पाहुणे वरचे साहेब. सत्कार म्हटल्यावर तिघांपैकी एकानेही कशाबद्दल हे विचारलं नाही. आपला सत्कार आजवर का झाला नाही, एवढंच कोडं त्यांना पडलेलं असायचं, आणि ते आता सुटलं होतं.

सभागृह खचाखच भरलं. वीजबाईंनी दोन शब्द बोलताना सांगितलं, "गावाची वीज जाते, पण दवाखान्याची जात नाही. आणि या तीन घरांची जात नाही, कारण ही तीन घरं म्हणजे दवाखानाच आहेत. हे मी म्हणत नाही. हे या तिघांनी स्वतः मला सांगितलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टी मारली. पुष्पगुच्छ दिले गेले. वरचे साहेब म्हणाले की अशी माणसं गावोगावी हवीत. मग नगराध्यक्ष उठले. माणूस मूळचा वाईट नव्हता, पण समोर माइक आला की त्यांच्या जिभेला हाड राहत नसे.

"बंधू-भगिनींनो," ते गहिवरून म्हणाले, "आमचं घर दवाखान्याचंच समजा! आमचं दार रुग्णांसाठी सदैव उघडं आहे!"

"समजलं!" पहिल्या रांगेतून मोठ्या सिस्टर उभ्या राहिल्या. "उद्या सकाळी माणसं पाठवते."

अध्यक्षांचं तोंड उघडंच राहिलं. पण टाळ्या एवढ्या वाजल्या की ते मिटायला त्यांना सवड मिळाली. बर्फवाल्याने वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब टाळ्या वाजवत होते.

सकाळी सिस्टरांनी शब्द पाळला. तिन्ही फाटकांवर आधी पाट्या लागल्या: "सरकारी रुग्णालय, विस्तारित कक्ष. शांतता राखा." खांब शिडीवर चढून त्या ठोकत होता आणि एकेक खिळा जरा जास्तच वेळ ठोकत होता. मग माणसं आली.

वकिलांच्या दिवाणखान्यात चार बाळंतिणी आल्या, आपापल्या बाळांसकट. वकिलांचा आवाज खर्जातला आणि जोरकस, फोनवर बोलले तरी चौकात ऐकू जायचा. त्यांनी "युअर ऑनर" म्हणून सराव सुरू केला की एक बाळ दचकायचं, ते रडलं की दुसरं रडायचं, आणि चारही आया एका सुरात म्हणायच्या, "अहो, हळू बोला ना जरा!" वकिलांच्या पक्षकारांना फाटकाबाहेर चपला काढून, हात धुऊन आत यावं लागे. एक पक्षकार म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही एवढं कुजबुजत बोलताय, आपली बाजू एवढी कमजोर आहे का?" आणि तो उठून दुसऱ्या वकिलाकडे गेला.

बर्फवाल्याकडे तापातून उठलेले दोन म्हातारे गेले. त्यांना विश्रांती हवी होती आणि मोटर धडधडत होती. त्यांनी तक्रार केली नाही. ते फक्त कारखान्याच्या दारात दोन खुर्च्या टाकून, कानांत कापूस घालून, येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत बसत, "इथे शांतता राखायची आहे बरं का, पाटी वाचली ना?" शाळेत जाणारी पोरं पाटी मोठ्याने वाचत, मोटरीकडे बघत आणि खिदळत. शेवटी पोलीस हवालदार आला आणि अजिजीने म्हणाला, "शेठ, रुग्णालयाच्या हद्दीत एवढा आवाज म्हणजे... पाटी तुमच्याच दारावर आहे हो."

नगराध्यक्षांच्या वाट्याला आला पाय मोडलेला एक निवृत्त बस कंडक्टर, आणि त्याच्याबरोबर तापातून उठलेल्या तिघी. कंडक्टरचा प्लास्टरमधला पाय अध्यक्षांच्या सोफ्यावर, आणि जीभ आयुष्यभर माणसं ढकलण्यात तयार झालेली. अध्यक्षांना भेटायला कुणी आलं की तो म्हणायचा, "या, या, पुढे सरका, दारात उभे राहू नका." मग भेटायला आलेला माणूस अध्यक्षांच्या कानाशी लागला की हा लांबून विचारायचा, "काय म्हणाले? जरा मोठ्याने. आम्ही पण गावचेच आहोत." चांगल्या मनाचा माणूस, कुणाचं वाईट चिंतायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. पण ज्या गोष्टी कानात सांगायच्या असतात त्या मोठ्याने सांगता येत नाहीत, आणि आठवड्याभरात बंगल्यावर कुजबुजायला येणाऱ्यांची गर्दी पार ओसरली.

त्यात भेटीची वेळ आली. दवाखाना म्हटला की रुग्णाला भेटायला नातेवाईक येणार. चार ते सात, ही सिस्टरांनी ठरवून दिलेली वेळ. आणि नेमकी त्याच वेळी अर्ध्या गावाची वीज गेलेली. गावाला अचानक रुग्णांची फार माया वाटू लागली. कंडक्टरला जन्मात कधी एवढे मावसभाऊ नव्हते. माणसं बिस्किटांचा पुडा घेऊन येत, "कसा आहे पाय?" असं विचारत आणि फोन चार्जिंगला लावत. या सगळ्यांच्या पुढे, खुर्चीवर अगदी मध्यावर, वीजबाईंच्या सासूबाई. त्यांची मालिका साडेपाचला लागायची.

"तुम्ही कुणाच्या नातेवाईक?" अध्यक्षांनी एकदा दात चावत विचारलं.

"सगळ्यांचीच," सासूबाई म्हणाल्या. "जरा बाजूला होता का? दिसत नाहीये."

पहिले पडले ते वकील. ते एका सकाळी कार्यालयात आले आणि वीजबाईंच्या समोर बसून कुजबुजले. आता त्यांना तशीच सवय लागली होती.

"बाई, माझी वीज घालवा."

"म्हणजे?" बाईंनी डोळे मोठे केले.

"मला या लाइनीवरून काढा. गावाबरोबर जाऊ द्या माझी वीज. मी मेणबत्तीत वाचेन. मोठमोठी माणसं मेणबत्तीत वाचूनच मोठी झाली."

"पण न्याय बंद पडेल ना वकीलसाहेब!"

"बाई," वकील काकुळतीला आले, "तुम्ही जिंकलात. आता जखमेवर मीठ चोळू नका."

त्याच दुपारी बर्फवाला आला. त्याने फार बोलायचं टाळलं. मोटरीसाठी स्वतःचं डिझेल यंत्र घेतो, एवढंच म्हणाला, आणि जाता जाता दारात थांबून, "त्या दोन म्हाताऱ्यांना माझ्या खुर्च्या परत द्यायला सांगा," असं पुटपुटला. खांबाने दोन्ही फाटे तोडले. बाळंतिणी आणि म्हातारे तोवर घरी जाण्याइतके बरे झाले होते. दवाखान्यातला ऑपरेशनचा दिवा आता डोळा न मिटता जळू लागला. मोठ्या सिस्टरांनी फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "आज दोन झाली. दोन्ही उजेडात." बाईंनी फोन ठेवला आणि खांबाला चहा मागवायला सांगितलं.

राहिले नगराध्यक्ष. ते कार्यालयात आले नाहीत. मोठा माणूस, त्यांनी वीजबाईंनाच बोलावलं. दिवाणखान्यात कंडक्टर, तिघी बायका, सासूबाई आणि निम्मी गल्ली असल्यामुळे ते बाईंना घेऊन कारंज्याजवळ गेले.

"बाई, झालं तेवढं पुरे. तोडा तो फाटा. मी आपण होऊन सोडतोय. सत्कारात दिलेला शब्द सत्कारातच परत घेतो, हवं तर पुन्हा समारंभ करा."

"जशी तुमची इच्छा," बाई म्हणाल्या. "खांबाला आजच पाठवते."

"कुणी कुणाला पाठवायचं नाही," मागून आवाज आला.

अध्यक्षांच्या पत्नी उभ्या होत्या. हातात थर्मामीटर, खांद्यावर टॉवेल. इतकी वर्षं त्या बंगल्यात राहत होत्या, पण गावातल्या फार थोड्यांनी त्यांना फाटकाबाहेर पाहिलं होतं. मुलं परगावी, नवरा सभांना. मोठ्या घरात त्या आणि कारंजं. या दिवसांत त्यांनी तिघी आजारी बायकांना वेळेवर औषधं दिली होती, कंडक्टरबरोबर पत्ते खेळून त्याला हरवलं होतं, आणि सासूबाईंबरोबर मालिकेतल्या नवऱ्यावर सडकून टीका केली होती. लोक त्यांना "वहिनी" म्हणू लागले होते. हे सगळं आता पुन्हा बंद करून कारंज्याकडे बघत बसायला त्या तयार नव्हत्या.

"अगं, पण आपलं घर आहे हे!" अध्यक्ष म्हणाले.

"दवाखान्याचंच समजा, असं कोण म्हणालं होतं? मी होते तिथे. तिसऱ्या रांगेत."

"ते भाषण होतं!"

"मला काय ठाऊक, कुठलं तुमचं भाषण आणि कुठलं खरं?"

अध्यक्षांनी वीजबाईंकडे पाहिलं. बाई अतिशय लक्षपूर्वक कारंज्याचं पाणी बघत होत्या. मनातून त्यांना जरा अपराधी वाटलं, कारण हा डाव त्यांनी टाकला होता आणि तो आता त्यांच्या हातातून निसटून भलत्याच अंगणात गेला होता. पण फार अपराधी वाटलं असं नाही.

तोडगा वहिनींनीच काढला. बंगल्याचे दोन भाग करायचे. दिवाणखाना आणि शेजारची खोली हा खरोखरीचा वॉर्ड, तिथे दवाखान्याची लाइन, चार खाटा, दोन पंखे, आणि रोज सकाळी सिस्टरांची फेरी. बाकीचा बंगला, कारंज्यासकट, गावाच्या लाइनीवर. मोठ्या सिस्टर येऊन बघून गेल्या, कपाटावरून बोट फिरवून धूळ आहे का ते तपासलं आणि म्हणाल्या, "चालेल." डॉक्टरांनी तसं कागदावर आणलं. वरच्या साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं, "बाई, तुम्ही तार तोडली नाहीत ना?"

"जबरदस्तीने एकही नाही सर. सगळे आपण होऊन आले."

असं झालं आणि नगराध्यक्षांच्या झोपायच्या खोलीतली वीज, गावाची इतकी वर्षं जात होती तशी, जाऊ लागली. पहिल्या दिवशी ते घामाने ओलेचिंब होऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हे असं रोज असतं?" वहिनी म्हणाल्या, "हो. निवडणुकीत लोक हेच सांगत होते ना तुम्हाला." तिसऱ्या दिवशी ते सकाळीच वीज कार्यालयात आले आणि बाकावर लोकांमध्ये बसले.

"बाई, यावर काही उपाय?"

"उपाय आहे," बाई म्हणाल्या, आणि या वेळी त्या गमतीच्या आवाजात बोलत नव्हत्या. "गावाला एक मोठं रोहित्र मंजूर आहे. ते आलं तर मोठ्या केंद्रातून जास्त वीज घेता येईल आणि सगळ्यांचीच कपात निम्म्यावर येईल. आधीच्या साहेबांनी मागितलं, मी मागितलं. जिल्ह्याच्या भांडारात पडून आहे. आमचं कोण ऐकतंय?"

"रोहित्र म्हणजे?"

"ट्रान्सफॉर्मर, साहेब."

"माझं ऐकतील," नगराध्यक्ष कपाळावरचा घाम पुसत म्हणाले.

आणि ऐकलं. ज्या फोनने तार तोडणं थांबवलं होतं त्याच फोनवरून आता वरच्या साहेबांना दिवसातून इतके फोन जाऊ लागले, की साहेबांनी स्वतः भांडारात जाऊन ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवर चढवला, अशी आवई उठली.

ट्रेलर आला त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर. ट्रान्सफॉर्मर एवढा मोठा की बाजारातल्या दुकानांचे पत्रे काढावे लागले. रस्त्यावरून आडव्या गेलेल्या तारा वर उचलायला खांब बांबू घेऊन पुढे चालत होता. नगराध्यक्षांनी दुसरा बांबू घेतला. त्यांना ते काम येत नव्हतं, दोनदा तार सुटून त्यांच्याच टोपीवर पडली, पण बांबू त्यांनी सोडला नाही. वीजबाई ट्रेलरच्या मागून चालत होत्या आणि ड्रायव्हरला एकसारखं "सावकाश, सावकाश" म्हणत होत्या. एवढं वजन एका खड्ड्यात कलंडलं तर सगळं मुसळ केरात.

कलंडलं नाही. पण वकिलांच्या घराशी अडलं. वळण अरुंद, आणि वकिलांची कुंपणाची भिंत रस्त्याच्या बरीच पुढे आलेली. ट्रेलर पुढेही जाईना, मागेही जाईना. वकील गॅलरीत आले. लोकांनी वर पाहिलं. वकिलांनी खाली पाहिलं.

"ही भिंत," वकील सुरू झाले, "कायद्याने पाहिलं तर..."

"कायद्याने पाहिलं तर ती हातभर पुढे आलीय," आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "कालच म्हणत होतात ना, कुणी मोजू नये म्हणजे मिळवलं?"

साऱ्या गल्लीत हशा पिकला. वकिलांचं तोंड लाल झालं, मग, का कोण जाणे, त्यांनाही हसू आलं. "पाडा," ते म्हणाले. "पण विटा माझ्या."

भिंत पाडायला फार वेळ लागला नाही. ट्रेलर वळला, उपकेंद्राच्या फाटकातून आत गेला, आणि पुढचे काही दिवस बाई आणि त्यांची माणसं तेलाच्या, तारांच्या, तपासण्यांच्या कामात एवढी बुडाली की सासूबाई डबा घेऊन उपकेंद्रावरच यायच्या. अखेर एका संध्याकाळी, उन्हं उतरताना, सगळे जमले. वीजबाईंनी पुन्हा एकदा सगळं तपासलं. मग स्विच वर केला.

ट्रान्सफॉर्मरमधून एक घोगरी गुणगुण आली. आणि एरवी ज्या वेळी अर्धं गाव विझायचं त्या वेळी सगळं गाव उजळलं. बाजार, शाळेमागची वस्ती, धरणाकडची घरं, सगळं. लोकांनी आरडाओरडा केला. अध्यक्षांनी माइक शोधायला इकडे तिकडे पाहिलं, तर वहिनींनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

वीजबाईंनी पहिला घोट घेतला असेल नसेल, तोच बाजाराच्या दिशेने "फट्" असा आवाज झाला आणि तेवढी एक ओळ अंधारली. सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"फ्यूज," खांब म्हणाला. त्या दिवसातला तो त्याचा पहिलाच शब्द होता.

"सगळ्यांनी एकदम पंखे लावले असतील मेल्यांनी," सासूबाई म्हणाल्या.

खांबाने शिडी खांद्यावर घेतली. वीजबाईंनी कप बाकावर ठेवला, टॉर्च उचलला आणि त्याच्या मागोमाग निघाल्या.